वडील हयात नाहीत

बाई, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याबद्दल दोनदा चारचौघांत बोलले, दोन्ही वेळा शाळेच्या समारंभात आणि दोन्ही वेळा तुमचे उपकार सांगायला. धर्मशाळेत राहणाऱ्या एका मुलीला तुम्ही आश्रमात घातलंत, सातवीच्या फायनलपर्यंत नेलंत, ती पुढे स्वतः शिक्षिका झाली, असं मी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, पण दोन्ही दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. गेल्या आठवड्यात माझी धाकटी बहीण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कुरुंदवाडहून आली. मी पेन्शनचे कागद शोधत होते आणि ती शेजारी बसून होती. आश्रमाचा जुना दाखला हाती आला. तिला वाचता येत नाही. "आक्का, ह्यात काय लिवलंय?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं : वडील हयात नाहीत. मग तारीख वाचली, मला आश्रमात घातलं त्या जूनची. तिनं दाखला हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "म्हंजे आबा दोनदा मेलं म्हन की." तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. समारंभात जे बोलले नाही ते आज लिहिते. मला तुमचा राग येतो, बाई. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

तुम्हाला आबा आठवत असतील तर तुमच्या परसदारी मुंडासं हातात धरून उभे राहिलेले आठवत असतील. मला ते पागेत दिसतात. संस्थानच्या पागेत ते मोतद्दार होते, दोन घोड्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. पहाटे भिजवलेल्या हरभऱ्याचा आणि ओल्या गवताचा वास आमच्या खोलीत यायचा. खरारा करताना आबा घोडीशी हळू आवाजात काहीबाही बोलत, आमच्याशी बोलत त्यापेक्षा जास्तच. खोली एकच होती, पण दाराला कडी होती, चूल होती, भिंतीत कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात माझी पाटी न् दोन पुस्तकं असत. मग संस्थान विलीन झालं. मोठी माणसं त्यावर खूप बोलायची, आम्हा मुलींना त्यातलं एवढंच कळलं की घोडे विकले जाणार. दिवाळीनंतर पागा रिकामी झाली आणि खोल्याही रिकाम्या करायला सांगितल्या. आबा आठ दिवस त्या रिकाम्या पागेत जाऊन झाडलोट करत राहिले. आपल्याला कुणीतरी बोलावून घेईल असं त्यांना वाटत होतं. कुणी बोलावलं नाही. एका सकाळी आईनं भांडी पोत्यात भरली आणि आम्ही चौघं बाहेर पडलो.

धर्मशाळेत तीन दिवसांवर राहता येत नसे. म्हणून आम्ही तीन दिवस देवळाजवळच्या धर्मशाळेत, तीन दिवस स्टेशनजवळच्या आणि मग तीन दिवस पंचगंगेच्या घाटावरच्या ओवरीत, असे फिरत राहिलो. आबा दिवसभर काम शोधत. घोड्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि घोडे कमी होत चालले होते. तुम्ही मला रोज विचारायचात, "आज उशीर का?" खरं कारण मला सांगता आलं नसतं, कारण ते मलाही नीट कळलं नव्हतं. देवळाजवळ असलो की घंटेवरून वेळ कळायची. स्टेशनजवळ असलो की गाडीवरून कळायची. घाटावर काहीच नव्हतं. तिथं आई उन्हाकडे बघून म्हणायची, "जा आता, झाली आसंल येळ." तिचा अंदाज चुकायचा. तुमच्या हजेरीत बघितलं असतंत तर दिसलं असतं की ही मुलगी सहा दिवस वेळेवर येते आणि तीन दिवस उशिरा. तुम्ही गणित शिकवायचात, बाई. एवढं गणित तुम्हाला सुटायला हवं होतं. त्याऐवजी तुम्ही मला दाराशी उभं केलंत, पहिला तास संपेपर्यंत, आणि पहिला तास गणिताचा असायचा.

पावसात नव्हे, दवात माझी पुस्तकं भिजली. ओवरीच्या दगडाला पहाटे पाणी सुटायचं. वाचनमालेची पानं एकमेकांना चिकटली तेव्हा तुम्ही पुस्तक वर धरून साऱ्या वर्गाला दाखवलंत आणि पुस्तक म्हणजे सरस्वती हे पुन्हा एकदा सांगितलंत. तुमच्या खुर्चीमागे भिंतीत कपाट होतं. त्यात खडू, नकाशे आणि तुमची छत्री असायची. त्यातला एक कोपरा मला मिळाला असता तर माझी सरस्वती कोरडी राहिली असती. हे तुमच्या मनात आलं नाही, आणि माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

मग तुम्ही पागेत जाऊन आलात. हे मान्य करायला हवं, की तुम्ही गेलात. दुसऱ्या कुठल्या बाई गेल्या नसत्या. तिथल्या राखणदारानं सांगितलं असणार की ती माणसं कधीच गेली. दुसऱ्या दिवशी भर वर्गात तुम्ही मला उभं केलंत. कुठे राहतेस, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, पागेत. कधीपासून, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, पयल्यापासनं. तुम्ही टेबलावरची पट्टी घेतलीत. "मी काल तिथं जाऊन आले," तुम्ही म्हणालात, "तिथं कुणी राहत नाही. उशिरा येशील तर एक वेळ मी क्षमा करीन. खोटं बोललेलं मला चालत नाही." उजव्या हातावर एक, डाव्या हातावर एक. मुली हसल्या. मला पट्टीचं फार काही वाटलं नाही. आता सगळ्यांना कळलं, याचं वाटलं. आजवर मी पागेतली होते. त्या दिवसापासून मी कुठलीच नव्हते.

त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही माझ्यामागून घाटावर आलात. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. तुम्हाला बघून ती एवढी गडबडली की हाताला लागलेलं पीठ पदराला पुसलं तिनं. पोतं झटकून अंथरलं. धाकटीला गूळ आणायला पिटाळलं, गूळ कुठला असणार, पण पिटाळलं. तुम्ही बसला नाहीत. तुमचं पांढरं पातळ स्वच्छ होतं आणि पोतं भांड्यांच्या काजळीनं काळं झालं होतं, हे मला दिसत होतं. तरीही मी देवाला म्हणत होते की बाईंना बसू दे. तुम्ही उभ्यानं चार प्रश्न विचारलेत, किती दिवस झाले, गावाकडे कुणी आहे का, असे, आणि निघून गेलात. आईनं ते पोतं घडी घालून ठेवलं आणि मला म्हणाली, चांगल्या हाईत बाई. त्या दिवशी मला आईचाही राग आला.

पण तुम्ही खरोखरच हललात. मला शाळा सुटल्यावर घरी बोलवायला लागलात. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी त्रैराशिक शिकले. तुम्ही थालीपीठ लावायचात आणि तव्यावरून उतरवून माझ्या ताटलीत टाकताना पाढा म्हणून घ्यायचात. ते दोन महिने माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि हे लिहिताना मला तुमचा जास्तच राग येतो. कारण तुमच्या स्वयंपाकघराच्या दारातून परसातली एक खोली दिसायची. तिच्यात जळण, गोवऱ्या आणि एक मोडका पाळणा होता. हाताने पाढे लिहीत मी डोळ्यांनी ती खोली मोजायची. इथं चूल, इथं आबा, इथं आम्ही दोघी. रोज मोजायची आणि रोज वाटायचं, आज बाई म्हणतील. ते घर तुमचं नव्हतं, तुमच्या दिरांचं होतं, आणि नवरा गेल्यावर त्यात तुम्हाला कशी जागा मिळाली होती हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा तुमची कीव आली. राग मात्र होता तिथंच राहिला. निदान एकदा विचारलं असतंत दिरांना. ते नाही म्हणाले असते, आणि मला कळलं असतं की तुम्ही विचारलं होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी तुम्ही आई-आबांना बोलावणं धाडलंत. आबा परसदारी उभे राहिले, आई उंबऱ्याशी बसली. तुम्ही अर्ज, दौत आणि टाक घेऊन पाटावर बसलात. मुलींचा एक आश्रम आहे, तिथं राहणं, जेवण, शाळा सगळं होईल, असं समजावलंत. मग थोडं थांबून म्हणालात की तिथं बापाविना मुलीच घेतात. आबांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, म्या हाय की. तुम्ही मान खाली घालून पुन्हा सांगितलंत, अर्जात तसं लिहावं लागेल, एरवी जागा नाही. आबांनी मुंडासं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मला वाटलं ते चिडतील. पागेत एकदा घोडीला कुणी चाबूक मारला तेव्हा ते त्या माणसाच्या अंगावर धावून गेले होते. ते चिडले नाहीत. म्हणाले, "जित्या बापाची पोर घाटावर आनि मेल्या बापाची पोर माडीत. मग लिवा की बाई, मेला म्हनून." तुम्ही टाक दौतीत बुडवला आणि लिहिलंत. तुमचं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, मी शेजारून बघत होते.

मग आईनं विचारलं, "आनि मी?" तुम्ही म्हणालात, आईला भेटायला येता येईल, महिन्याच्या पहिल्या रविवारी. आणि जरा वेळानं म्हणालात, "फक्त येताना तेवढं कुंकू पुसून या." आईचा हात कपाळाकडे गेला आणि तिथंच राहिला.

बाई, हे तुम्ही कसं म्हणू शकलात? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्या माणसाला काय कळतंय म्हणून मी सोडून दिलं असतं. तुमचं कपाळ वीस वर्षं पांढरं होतं. हळदीकुंकवाला शाळेतल्या सगळ्या बायका जायच्या आणि तुम्ही वह्या तपासत बसायचात, हे आम्ही मुली बघत होतो. ते पांढरं कपाळ घेऊन बाई कशी चालते, कशी बाजूला सरते, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते माझ्या आईला घ्यायला सांगितलंत, तिचा नवरा तिच्यापासून चार पावलांवर उभा असताना. कधीकधी वाटतं, तुम्हाला त्यात काही विशेष वाटलंच नसेल. आपल्याला सोसतं ते दुसऱ्यालाही सोसेल असं तुम्ही धरून चाललात. शिकवतानाही तुमचं तसंच होतं.

पुढचे आठ दिवस तुम्ही माझी तयारी करून घेतलीत. वडील कधी वारले? दोन वर्षांपूर्वी. कशानं? तापानं. मी अडखळले की तुम्ही पुन्हा विचारायचात, पाढे घ्यायचात तसंच. माझ्या दोन्ही तळहातांना तुमची ती पट्टी आठवत होती. तुम्हाला आठवत होती का, हे मी विचारलं नाही. आश्रमात सोडायला तुम्हीच आलात, पत्र्याची एक पेटी घेऊन दिलीत, त्यात स्वतःच्या हातानं शिवलेली दोन पोलकी होती. ती पेटी अजून माझ्याकडे आहे. कितीदा काढून टाकायचं ठरवलं आणि टाकली नाही.

आश्रमाच्या माडीवर आमची झोपायची खोली होती. तिच्या खिडकीतून गल्लीचं टोक दिसायचं. तिथं सार्वजनिक नळ होता. पहिल्या रविवारी मी खिडकीत उभी राहिले तर आई आणि आबा नळाशी आलेले. आईनं ओंजळभर पाणी घेतलं, कपाळ धुतलं, पदरानं कोरडं केलं. मंगळसूत्र पोलक्याच्या आत सारलं. काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढवून त्यावरून पदर घेतला. कुंकवाचा करंडा तिनं आबांच्या हातात दिला आणि ती एकटी आश्रमाकडे आली. खाली व्यवस्थापिकांसमोर बाकावर बसून ती मला दहा मिनिटं भेटली. जेवतीस का, एवढंच तिनं तीनदा विचारलं. ती गेली की मी धावत माडीवर यायची. आई नळाशी पोचायची, आबा करंडा उघडून तिच्यापुढे धरायचे आणि आरशावाचून ती कुंकू लावायची. मग आबा खिडकीकडे बघत उभे राहायचे. मला हात हलवता येत नसे, शेजारी मुली असत. जवळजवळ तीन वर्षं मी माझे वडील असे पाहिले, महिन्यातून एकदा, गल्लीच्या टोकाला, हातात करंडा घेऊन उभे.

आणि माझी बहीण. तिचं काय, हे तुम्ही कधी बोललाच नाहीत. ती दुसरीत होती, तिला वाचन येत नव्हतं, हुशार म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. आश्रमात एकच जागा होती असं तुम्ही म्हणालात. एकच असेलही. पण दोन बहिणींतली हुशार तेवढी निवडायची आणि दुसरी घाटावर सोडून द्यायची, हे तुम्हाला जमलं. गरिबाच्या घरातलं एक पोर चमकलं की मास्तर लोकांना समाधान वाटतं. मीही मास्तरीण होते, मला ते समाधान माहीत आहे. ती शाळेतून गेली तेव्हा तिचं नाव पटावरून कमी करताना तुम्ही काय कारण लिहिलंत? पुढे आबांना एका टांगेवाल्याच्या तबेल्यात काम मिळालं, तबेल्यालगतच्या पडवीत ते तिघं राहायला लागले, आणि बहीण शेण भरायला लागली. आज तिच्या डोळ्यावरची पट्टी काढताना डॉक्टरनं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. ती माझ्याकडे बघून हसली. डॉक्टरनं मग बोटं दाखवून किती ते विचारलं.

आबा गेले ते माझ्या फायनलच्या आधी आठ दिवस. नाल ठोकताना खिळा लागला होता, त्यांनी हळद दाबून बांधलं आणि काम करत राहिले. धनुर्वात झाला. थोरल्या दवाखान्यात नेईपर्यंत दातखीळ बसली होती. हे सगळं मला बहिणीनं पुढे सांगितलं. त्या सकाळी मला काहीच माहीत नव्हतं. मी आश्रमाच्या चौकात भूगोल पाठ करत बसले होते आणि तुम्ही आलात. रविवार नव्हता, तुमची शाळा असायला हवी होती. तुम्ही व्यवस्थापिकांना काहीतरी परीक्षेचं कारण सांगितलंत आणि मला पायऱ्यांपलीकडे आडोशाला नेलंत. तुम्ही सांगितलंत ते असं : तुझे वडील आज पहाटे गेले. दुपारी घाटावर नेणार आहेत. आईनं मला निरोप द्यायला सांगितलंय.

तुम्ही माझा हात धरला होता. मग म्हणालात, "जाऊ नकोस. गेलीस तर इथं विचारतील कोण वारलं. काय सांगशील? आठ दिवसांवर परीक्षा आहे. ज्याच्यासाठी त्यांनी एवढं केलं ते वाया घालवू नकोस." इथं रडूही नकोस, असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण तुमचे डोळे चौकाकडे लागले होते, कुणी बघत नाही ना म्हणून. मी मान हलवली. तुम्ही पाठीवरून हात फिरवलात आणि शाळेत परत गेलात. मी चौकात येऊन बसले आणि नद्यांची नावं पाठ केली. दुपारी व्यवस्थापिकांनी सगळ्यांना ताक दिलं, ते मी प्यायले.

फायनल झाल्यावरच्या रविवारी आई आली. मी नेहमीसारखी खिडकीत उभी होते. ती नळाशी थांबली नाही, सरळ आली. खाली व्यवस्थापिका तिच्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, या, बसा. त्यांना काही वेगळं दिसण्याचं कारण नव्हतं. त्यांनी तिला कधी कुंकवानिशी पाहिलंच नव्हतं. हातात बांगड्या नव्हत्या, पण पदराखाली त्या कधीच दिसल्या नव्हत्या. आई बाकावर बसली आणि तिनं विचारलं, पेपर कसं गेलं? आपल्या नवऱ्यासाठी तिथं तिला रडता आलं नाही, कारण तो वारून त्यांच्या हिशेबी पाच वर्षं झाली होती. जाताना ती दारात थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "म्हयन्याच्या म्हयन्याला पुसत हुते म्या. देवानं खरं धरलं." हे ती मरेपर्यंत मानत होती. मी शिकलेली, मी तिला कितीदा समजावलं, खिळा, जखम, धनुर्वात. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, आसंल बाई तसं. तुम्ही तिला समजवायला एकदाही गेला नाहीत.

आता सगळ्यात शेवटी कळलेली गोष्ट सांगते. मी नोकरीला लागून काही वर्षं झाली होती, तुम्हाला जाऊन दोन. माझ्या वर्गातल्या एका मुलीसाठी मी त्याच आश्रमात गेले आणि नियमांचं छापील पुस्तक मागून घेतलं. जुनंच होतं, मी तिथं राहायला गेले त्याच्याही आधी छापलेलं. त्यात बापाविना मुलींचं कलम होतं आणि त्याच्या खालीच दुसरं कलम होतं, की पालक हयात असूनही निराश्रित असलेल्या मुलीचा अर्ज शिक्षकाच्या शिफारशीवरून समितीपुढे ठेवता येईल. शिक्षकाच्या शिफारशीवरून, बाई. मी ते कलम तिथं उभ्यानं चारदा वाचलं. तुम्ही ते वाचलं होतंत का? समिती बसायला महिने लागतील आणि तोवर पाऊस येईल असं तुम्हाला वाटलं का? की कुणीतरी तोंडी सांगितलं आणि तुम्ही पुस्तक उघडलंच नाही? मुलींना धडा दोनदा वाचून यायला सांगणाऱ्या तुम्ही. एक पान उलटलं असतंत तर माझ्या आईचं कुंकू त्या नळावर गेलं नसतं, आबांना त्या बाकावर बसता आलं असतं, आणि त्या दुपारी मी घाटावर असते. मला तुम्हाला हे विचारायचं होतं आणि तुम्ही आधीच निघून गेला होतात.

मी नोकरी केली तेवढी वर्षं तुमच्यावर चिडून केली. कळंब्याच्या रस्त्याच्या कामावरच्या माणसांची एक मुलगी माझ्या वर्गात आली, पालात राहणारी. पत्ता विचारायची वेळ आली तेव्हा मी तिला काही न विचारता त्या रकान्यात शाळेचाच पत्ता लिहिला. मुख्याध्यापक म्हणाले, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियमाचं पुस्तक आणा, दोघं मिळून वाचू. माझ्या कपाटाचा खालचा खण तिच्या पुस्तकांना दिला. ती उशिरा आली तर गप्प येऊन बसायची, गणित मी दुसऱ्या तासाला घ्यायची. तिच्या आईबापांना भेटायला पालात गेले तेव्हा त्यांनी जे अंथरलं त्यावर बसले, आणि तुमच्या मुलीसाठी काय केलेलं तुम्हाला चालेल, असं त्यांनाच आधी विचारलं. बाप म्हणाला, तिला हितंच आमच्याबरूबर ठेवा, दुसरीकडं नगा धाडू. मी धाडलं नाही. काम संपल्यावर ती माणसं पन्हाळ्याच्या बाजूला गेली आणि मुलगी गेली. ती पुढे शिकली की नाही मला ठाऊक नाही. माझ्या भाषणात सांगण्यासारखं त्यात काही नाही. मी शिकले, ती बहुधा नाही. तुम्ही समोर असतात तर हेच म्हणाला असतात, आणि मला उत्तर सुचलं नसतं. तेही राग येण्यासारखंच आहे.

बहीण आत झोपली आहे. मघाशी तिनं विचारलं की एवढं काय लिहितेस, तर मी पेन्शनचा अर्ज म्हणून सांगितलं. हा कागद मी कुठे पाठवणार? तुमच्या दिरांचं घर पाडून तिथं दुकानं झाली. पण लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट राहते. बाईंनी मला वडिलांच्या मातीला जाऊ दिलं नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, या आठवड्यात बहिणीलाही पुन्हा सांगितलं. तुम्ही 'जाऊ नकोस' म्हणालात, हे खरं आहे. मात्र त्या आधी तुम्ही जरा थांबला होतात, माझा हात तुमच्या हातात होता आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तेवढ्या वेळात तुम्ही 'जा' म्हणाल, अशी मला भीती वाटत होती.